तपासणाऱ्या हातांनाही पैसे द्या : वागळे इस्टेटमधून अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : परवाना व तपासणी खात्यांना नवं तंत्रज्ञान समजून घेता यावं, यासाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद करण्याबाबत.

स. न. वि. वि.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा छोटा कारखाना आहे. वडिलांनी १९७८ साली गाळा घेतला आणि ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळायचं काम सुरू केलं. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले आणि १९९९ पासून त्याच गाळ्यात बसते. आम्ही अकरा माणसं आहोत. एमआयडीसीची स्थापना १ ऑगस्ट १९६२ ची आणि तिची पहिली वसाहत ही आमची वागळे इस्टेट. ‘तुम्ही उद्योग करा, जागा, पाणी, रस्ता आम्ही बघतो’ असं या राज्याने उद्योजकाला सांगितलं, त्याची सुरुवात इथून झाली. त्याच वसाहतीतून हे पत्र लिहिते आहे आणि मागणं पैशांचंच आहे. पण ते माझ्यासाठी नाही. माझी फाइल ज्या टेबलांवरून फिरते, त्या टेबलांमागे बसलेल्या माणसांसाठी मागते आहे.

कारण सांगायचं तर आमचं काम आधी सांगायला हवं.

चार वर्षांपूर्वी आम्ही जुन्या बॅटऱ्यांत हात घातला. ठाणे-भिवंडी पट्ट्यात माल पोचवणाऱ्या विजेवरच्या तीनचाकी गाड्या आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांच्या बॅटरीची क्षमता काही वर्षांनी मूळच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांवर येते. गाडीला ती मग पुरत नाही, चालकाला दिवसभराचा पल्ला हवा असतो. पण सोसायटीच्या जिन्यातले दिवे, डॉक्टरांच्या दवाखान्यातला लसींचा फ्रीज, दुकानातला काटा आणि बिलाचं मशीन, एवढ्याला ती आणखी काही वर्षं व्यवस्थित चालते. भंगारात गेली तर तिच्यातला धातू तेवढा मिळतो, उरलेलं आयुष्य वाया जातं.

काम वाटतं तितकं सरळ नाही. पॅक उघडला की आत सोळा सेल असतात, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, एकामागे एक जोडलेले. म्हणून पॅक ५१.२ व्होल्टचा होतो. हे सोळा सेल एकाच दिवशी जन्मले, एकाच गाडीत राबले, तरी सारखे म्हातारे होत नाहीत. कडेच्या सेलला वारा लागलेला असतो, मधला तापलेला असतो. आम्ही प्रत्येक सेल सुटा करतो, पूर्ण चार्ज करतो, रात्रभर तसाच ठेवतो आणि सकाळी व्होल्टेज किती उतरलं ते बघतो. मग ठरावीक करंटने रिकामा करून किती अँपिअर-तास मिळाले ते मोजतो. १०० चा सेल कधी ८२ देतो, कधी ६१. आतला रोध मिलीओहममध्ये मोजून निळ्या वेष्टनावर मार्करने लिहितो. फुगलेला सेल किंवा ज्याला गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतो असा सेल त्याच क्षणी बाहेर, वाळू भरलेल्या लोखंडी पिंपात जातो. आमच्याकडे हे काम करणारी मुलगी आयटीआय झालेली आहे, किसननगरला राहते. तिचं नाक आमच्या मीटरच्या आधी सांगतं, असा माझा अनुभव आहे.

एवढं करून जुळलेल्या सेलचा नवीन पॅक बांधला, त्यावर प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारं बीएमएसचं सर्किट बसवलं आणि तो घेऊन मी एका सरकारी कार्यालयात गेले. कार्यालयाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. या कामात चार-पाच खात्यांचा संबंध येतो आणि मला सगळीकडे साधारण सारखाच अनुभव आला.

समोरचे अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. पॅक टेबलावर ठेवून झाकण उघडायला सांगितलं. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ आत बघत राहिले. मग त्यांनी संगणकावर अर्ज उघडला. व्यवसायाचा प्रकार निवडायच्या यादीत जे पर्याय होते, त्यांपैकी कशातच आमचं काम बसत नव्हतं. आम्ही नवीन बॅटरी बनवत नाही आणि जुनी वितळवतही नाही. त्यांनी यादी दोनदा वर-खाली केली. नंतर ते मला जे म्हणाले, ते मी त्याच संध्याकाळी डायरीत लिहून ठेवलं :

“मॅडम, तुमचं काम चांगलं असेल. मी नाही म्हणत नाही. पण हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. उद्या कुठल्या जिन्यात हे पेटलं आणि मला विचारलं, की सही कशाच्या आधारावर केलीस, तर मी काय सांगू?”

महोदय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. आमच्या चाचण्यांची वही मी पुढे केली, पण ती माझी वही. माझ्या मालाचा दाखला मीच दिल्यावर त्यावर विसंबून त्यांनी सही करावी, असं मीसुद्धा म्हणणार नाही. लिथियमची बॅटरी पेट घेते तेव्हा काय होतं, हे २०२२ च्या उन्हाळ्यात देशाने पाहिलं आहे. विजेवरच्या स्कूटर रस्त्यात जळाल्या आणि त्यानंतर केंद्राला वाहनांच्या बॅटरीचं एआयएस-१५६ हे मानक कडक करावं लागलं. ते मानक गाडीतल्या बॅटरीचं. गाडीतून उतरून जिन्यात बसलेल्या बॅटरीला काय लावायचं, हा त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

अशी शंका आल्यावर त्यांनी काय करायला हवं होतं? पॅक एखाद्या प्रयोगशाळेत पाठवायचा, जाणकाराला बोलवायचं, दुसऱ्या राज्यात काय करतात ते विचारायचं, दहा पॅकना अटी घालून वर्षभराची तात्पुरती परवानगी द्यायची आणि दर महिन्याला जाऊन बघायचं. यातली प्रत्येक गोष्ट त्यांना सुचली होती, त्यांनी ती बोलूनही दाखवली. पण चाचणीचं शुल्क कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचं? जाणकाराचं मानधन कुठून द्यायचं? त्यांच्या हाताखाली जेवढी माणसं मंजूर होती, त्यांतल्या काही जागा रिकाम्या होत्या. मोजकी माणसं नेहमीच्या तपासण्यांना पुरत नव्हती. त्या कार्यालयाचा पैसा पगार, भाडं, विजेचं बिल आणि गाडीचं डिझेल यांत संपत होता. नवीन गोष्ट शिकायला एक रुपयाही नव्हता.

मग त्यांनी जे शक्य होतं ते केलं. त्रुटी काढली. मी पूर्तता केली. दुसरी त्रुटी आली. चौदा महिने गेले आणि त्यांची बदली झाली. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी साधारण तीन वर्षं, हे बरोबरच आहे. पण त्या चौदा महिन्यांत आमच्या सेलविषयी ते जे काही शिकले होते, ते त्यांच्याबरोबर गेलं. कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. नवीन अधिकाऱ्यांसमोर मी पुन्हा झाकण उघडलं. त्यांनीही पहिल्यांदाच बघितलं.

सरकारने या बाबतीत काहीच केलं नाही असं माझं म्हणणं नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा झाला, तेव्हा आमच्या इस्टेटमध्ये खरोखर आनंद झाला होता. ठरलेल्या सेवेला ठरलेली मुदत आली आणि नेहमीच्या परवान्यांना त्याचा फायदा झाला, तो मी स्वतः घेतला आहे. पण ज्या गोष्टीला अजून नावच नाही, तिला मुदतीचा उपयोग होत नाही. उलट घड्याळ लावलं की अर्ज निकाली काढायचा सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे शेवटच्या दिवशी एक त्रुटी काढणं. अधिकाऱ्याला उत्तर माहीत नसताना उत्तराची घाई केली, तर तो ‘नाही’ म्हणणार किंवा ‘आणखी कागद आणा’ म्हणणार. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

२०२३ चा जनविश्वास कायदा आला. ४२ केंद्रीय कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधली शिक्षेची धार त्याने कमी केली. किरकोळ चुकीसाठी तुरुंगाची भीती गेली, हे चांगलंच झालं. तरी माझ्या अधिकाऱ्यांच्या मनातली भीती वेगळी होती. ती अज्ञातावर सही करण्याची होती आणि ती कलमं गाळून जात नाही. ती माहिती मिळाल्यावरच जाते.

आणि माहितीला पैसे लागतात.

नवीन शोधांसाठी सरकार पैसे देत नाही असंही नाही. २०१६ साली स्टार्टअपसाठी १०,००० कोटींचा फंड ऑफ फंड्स झाला. २०२१ मध्ये ९४५ कोटींची बीजभांडवल योजना आली. २०२५ मध्ये संशोधनासाठी १ लाख कोटींचा निधी केंद्राने मंजूर केला. आपल्या राज्याचंही स्टार्टअप धोरण आहे. हे सगळे पैसे शोध लावणाऱ्याकडे जातात. ज्याने तो शोध तपासून ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, त्याच्या हातात काहीच पडत नाही. नळाला मोठा पंप लावला आणि तोटी मात्र अर्ध्या इंचाचीच ठेवली, तर पाणी तेवढंच येणार. आमच्या इस्टेटमध्ये दोन-तीन तरुण मुलांनी अनुदान घेऊन चांगली यंत्रं बनवली आणि परवान्याच्या प्रतीक्षेत भाडं भरता भरता ते पैसे संपवले. सरकारचा एक हात देत होता आणि दुसरा थांबवून ठेवत होता. त्या दुसऱ्या हाताची त्यात काही चूक नव्हती.

ब्रिटनने याचा वेगळा विचार केला. २०१८ साली तिथल्या सरकारने १ कोटी पौंडांचा एक निधी काढला, तेव्हाच्या दराने साधारण नव्वद कोटी रुपये. हा निधी कंपन्यांना मिळत नव्हता, नियामक संस्थांना मिळत होता. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी संस्था, नागरी विमान वाहतुकीची संस्था, वकिलांवर देखरेख करणारी संस्था अशांनी अर्ज करायचे. आमच्या क्षेत्रात अमुक एक नवीन गोष्ट येते आहे, ती कशी तपासावी हे आम्हाला माहीत नाही, ते शिकण्यासाठी आम्हाला एवढे पैसे आणि एवढा वेळ हवा, असं लिहून द्यायचं. पहिल्या फेरीत १५ प्रकल्पांना पैसे मिळाले. विमान वाहतूक संस्थेने ड्रोनसारख्या नव्या गोष्टी घेऊन येणाऱ्यांशी आधीच बोलणारा एक कक्ष उभा केला. औषध संस्थेने रुग्णांची खरी माहिती न वापरता, तिच्याशी जुळणारी कृत्रिम माहिती तयार करण्याचं काम हाती घेतलं, म्हणजे संगणकाने निदान करणाऱ्या उपकरणांची परीक्षा तिच्यावर घेता येईल. २०२१ मध्ये पुन्हा ३७ लाख पौंड २१ प्रकल्पांना मिळाले. एखाद्या देशाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम काहीच नाही. मला त्यातली आवडलेली गोष्ट अशी, की आपल्याला एखादी गोष्ट माहीत नाही हे खात्याला उघडपणे लिहिता येतं आणि तसं लिहिल्याबद्दल पैसे मिळतात. आपल्याकडे ‘माहीत नाही’ हे फाइलवर लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या जागी ‘त्रुटी’ लिहिलं जातं.

आपल्याकडे हे कुठेच होत नाही असं नाही. शेजारी मुंबईतच दोन उदाहरणं आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये नव्या वित्तीय सेवांना मर्यादित ग्राहकांवर, देखरेखीखाली प्रयोग करू देण्याची चौकट केली. सेबीने तसंच केलं. इंटरनेट नसताना मोबाइलवरून पैसे देण्याचा विषय घ्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० मध्ये त्याला आधी प्रायोगिक परवानगी दिली, काय होतं ते बघितलं आणि जानेवारी २०२२ मध्ये नियम काढले : एका वेळी २०० रुपये, एकूण २,००० रुपये. लहान आकडा, पण पक्का नियम. पुढे बँकेने १०० कोटींच्या भांडवलावर बेंगळुरूला इनोव्हेशन हबच उभं केलं. हे त्यांना जमलं, कारण त्यांच्याकडे स्वतःचं उत्पन्न आहे, तज्ज्ञ माणसं आहेत, अभ्यास विभाग आहे. आमच्या जिल्ह्यातल्या निरीक्षकाकडे यातलं काय आहे? पैशांच्या व्यवहारातला नवा शोध तपासायला एवढी यंत्रणा असेल, तर वीज, रसायन, औषध, अन्न, वजन-माप, आग यांतला शोध तपासणाऱ्याला निदान एक टेबल, एक मीटर आणि सहा महिन्यांचा वेळ मिळायला हवा.

वाशीला पणन मंडळाचं विकिरण केंद्र आहे, म्हणजे किरणांच्या माऱ्याने फळातली कीड निकामी करणारं. तुम्ही पाहिलं असेल. माझा मुद्दा मला त्या केंद्राकडे बघून जास्त स्पष्ट झाला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. अमेरिकेला आपला आंबा अनेक वर्षं जात नव्हता, कोयीतल्या किडीच्या भीतीने. २००२ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारलं आणि तिथे प्रक्रिया केलेला आंबा २००७ पासून अमेरिकेला जायला लागला. तंत्र आपलं, आंबा आपला. पण प्रत्येक हंगामात अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक इथे येऊन उभा राहायचा आणि त्याने बघितल्यावरच पेट्या हलायच्या. मग कोविड आला. २०२० आणि २०२१ च्या हंगामात निरीक्षक येऊ शकला नाही आणि अमेरिकेचा आंबा बंद पडला. बागा होत्या, यंत्र होतं, खरेदीदार होता. तपासून सही करणारा एक माणूस नव्हता. २०२२ मध्ये दोन देशांत नवी व्यवस्था ठरली, देखरेखीचं काम टप्प्याटप्प्याने आपल्या यंत्रणेकडे द्यायचं ठरलं आणि निर्यात पुन्हा सुरू झाली.

स्पर्धेत टिकणं म्हणतात ते माझ्या समजुतीने इथे येऊन ठेपतं. ज्या देशाच्या निरीक्षकाच्या सहीला बाहेर मान आहे, त्याचा माल जातो. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट लागणार आहे : बॅटरी कुठे बनली, तिच्यात काय आहे, तिची तब्येत कशी आहे. अमेरिका आणि कॅनडात वापरलेल्या बॅटऱ्या पुन्हा कामाला लावण्यासाठी यूएल १९७४ हे मानक २०१८ पासून आहे. मला दुबईतून एकदा चौकशी आली होती. त्या गृहस्थांनी किंमत विचारली नाही, वॉरंटी विचारली नाही. पहिलाच प्रश्न होता, ‘प्रमाणपत्र कोणाचं आहे?’ माझ्याकडे कोणाचंच नव्हतं. चिनी पॅकवाल्याकडे होतं. बोलणं तिथेच थांबलं.

तेव्हा मागणं असं आहे. येत्या अर्थसंकल्पात राज्याच्या परवाना देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या खात्यांसाठी एक छोटा निधी काढावा. पहिल्या वर्षी २५ कोटी असले तरी पुष्कळ झाले, असं मला वाटतं. हा आकडा माझा अंदाज आहे, तुमचे सचिव तो जास्त बरोबर सांगतील. प्रदूषण नियंत्रण मंडळ, अन्न व औषध प्रशासन, वैधमापन, विद्युत निरीक्षक, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, महापालिकांची अग्निशमन दलं, यांपैकी कोणीही त्यासाठी अर्ज करावा. अर्जात एकच प्रश्न असावा, साध्या मराठीत : आम्हाला काय माहीत नाही आणि ते कसं शोधून काढणार? दोन किंवा तीन खात्यांनी मिळून अर्ज केला तर त्याला आधी पैसे द्यावेत, कारण नवीन वस्तू खात्यांच्या हद्दी बघून जन्माला येत नाही. माझ्या पॅकमध्ये कचराही आहे, वीजही आहे आणि आगही आहे.

पैसे कशावर खर्च व्हावेत याचा आग्रह धरते, कारण इथे योजना हातातून निसटतात. इमारत नको. गाड्या नकोत. आणखी एक पोर्टल तर नकोच नको. नवीन प्रयोगशाळाही बांधू नये, निदान सुरुवातीला. आमच्याभोवती काय काय आहे बघा : खारघरला ‘समीर’ या केंद्राच्या संशोधन संस्थेची विद्युत-चुंबकीय चाचण्यांची सोय आहे, अंधेरीला केंद्राची इलेक्ट्रॉनिक्स चाचणी प्रयोगशाळा आहे, माटुंग्याला व्हीजेटीआय, पवईला आयआयटी, पुण्याला वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय. यंत्रं आहेत. निरीक्षकाला तिथले तास विकत घेता आले पाहिजेत, स्वतःच्या सहीने, पंधरा दिवसांत. तिथल्या जाणकाराला आठवडाभर बोलावून घेता आलं पाहिजे. आणि एका-दोन तरुण अधिकाऱ्यांना सहा महिने नेहमीच्या कामातून सोडवून या एकाच विषयावर ठेवता आलं पाहिजे, त्यांच्या जागी तात्पुरता माणूस घेऊन. माझ्या मते खरा खर्च या शेवटच्या गोष्टीचा आहे आणि सगळ्यात जास्त परतावाही तिचाच येईल.

आणि जे शिकलं ते लिहून जाहीर करायचं. काय तपासलं, काय सापडलं, म्हणून कोणती अट घातली, हे खात्याने चार पानांत, नावासकट, सगळ्यांना वाचता येईल असं ठेवायचं. म्हणजे ठाण्याच्या अधिकाऱ्यांची बदली नांदेडला झाली, तरी ठाण्यात आलेल्या नव्या माणसाला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागणार नाही आणि नांदेडच्या उद्योजकालाही तेच कागद कामाला येतील.

असा निधी कारखानदारांनी वर्गणी काढून द्यावा, अशी सूचना आमच्याच एका बैठकीत झाली होती. मी तिला विरोध केला. ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशाने तपासणाऱ्याचं शिक्षण होऊ नये. आपल्या मालाला परवानगी मिळाली की नाही यावर त्या खात्याचं यश मोजलं जाऊ नये, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. सहा महिने अभ्यास करून खात्याने माझ्या पॅकला ‘नाही’ म्हटलं आणि का ते लिहून दिलं, तर पैसे सत्कारणी लागले असं मी म्हणेन. मला कारण कळलं तर मी पॅक सुधारीन किंवा ते काम सोडून कॉइल गुंडाळत बसेन. सध्या मी यातलं काहीच करू शकत नाही.

उद्योजक बोलायला लागले की नियम सैल करा एवढंच मागतात, असं मंत्रालयात समजलं जातं. म्हणून स्पष्ट लिहिते. १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला आणि औषधांवर देखरेख करणारी यंत्रणा किती पोखरली होती ते त्याने उघड केलं. २३ मे २०२४ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला, तेव्हा आमच्या ओळखीच्यांच्या घरांच्या काचा फुटल्या. ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला कमकुवत तपासणीची किंमत कोणी समजावून सांगायला नको. मला नियम सैल झालेले नको आहेत. आमच्या जिन्यात बॅटरी बसवायची परवानगी देणाऱ्या माणसाला त्या बॅटरीची माझ्याइतकीच माहिती असावी, शक्यतो थोडी जास्तच.

राज्याच्या तपासणी यंत्रणेला केंद्राने पैसे देण्याची उदाहरणंही आहेत. २०१५ साली औषध नियंत्रण बळकट करण्यासाठी १,७५० कोटींची योजना मंजूर झाली, त्यातले ८५० कोटी राज्यांच्या यंत्रणांसाठी होते. प्रयोगशाळा आणि मनुष्यबळ हाच तिचा उद्देश. नेहमीची तपासणी नीट व्हावी म्हणून ते आवश्यक होतंच. मी मागते ते त्याच्या पुढचं आणि त्या मानाने फार लहान आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वित्तेतर क्षेत्रातल्या नियमांचा फेरविचार करणारी उच्चस्तरीय समिती आणि राज्यांसाठी गुंतवणूक-स्नेही निर्देशांक जाहीर झाला. त्या निर्देशांकात वर जायचं तर कोणी परवाने किती दिवसांत दिले हे मोजलं जाईल. नवीन वस्तूला कोणत्या राज्याने आधी समजून घेतलं, हेही मोजलं जावं, असा आग्रह महाराष्ट्राने धरावा. तशी सुरुवात इथे झाली असेल तर आपल्या शब्दाला वजन येईल.

आता माझ्या फाइलचं काय झालं ते. केंद्राचे बॅटरी कचरा नियम २४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहेत आणि त्यांत जुनी बॅटरी दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे दिल्लीत कोणीतरी आमचा विचार केलेला आहे. पण नियमात शब्द असणं आणि टेबलावर तपासण्याची रीत असणं, या दोन्हींत अंतर आहे. आम्ही विक्री बंद ठेवली आहे. पहिला पॅक आमच्याच गाळ्यात, पंख्यांना आणि दिव्यांना जोडून दीड वर्ष चालवतो आहोत. दर सोमवारी त्याची तपमानं आणि व्होल्टेज लिहून ठेवतो. वीज गेली की किसननगरची ती मुलगी आधी वही काढते, मग मेणबत्ती शोधायची गरज नाही हे तिच्या लक्षात येतं आणि ती हसते.

त्या वहीत आजवर तपासलेल्या ३१२ सेलची नोंद आहे. किती चांगले निघाले, किती फुगले, दोन सेल चाचणी चालू असताना का तापले, आमची स्वतःची कोणती चूक झाली, सगळं तारखेनिशी. धंद्याच्या दृष्टीने ही माझी सगळ्यात महागडी गोष्ट आहे. तरीही या निधीतून कोणत्याही खात्याने जुन्या बॅटऱ्यांचा प्रश्न हाती घेतला, तर मी ती पूर्ण वही, चुकांसकट, विनामूल्य द्यायला तयार आहे. तुमचे अधिकारी गाळ्यात येऊन आठवडाभर आमच्याबरोबर सेल तपासायला बसले तर त्यांना जागा देईन, मीटर देईन. मार्चच्या अर्थसंकल्पासाठी खात्यांचे प्रस्ताव बरेच आधी तयार व्हायला लागतात, म्हणून आत्ताच लिहिलं. वहीची झेरॉक्स करून ठेवली आहे. कोणत्या कार्यालयाकडे पाठवू, एवढं कळवावं.

आपली,
वागळे इस्टेट, ठाणे येथील एक लघुउद्योजिका